दक्षिण फुटली कशामुळे आणि युद्ध पेटले कशामुळे

अमेरिकेतील यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झाले की संघराज्य टिकवण्यासाठी, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याचे एक कारण असे की त्यात दोन प्रश्नांची सरमिसळ झालेली असते. दक्षिणेतील राज्ये का फुटली, हा एक प्रश्न. ती फुटल्यावर लढाई का जुंपली, हा दुसरा. साउथ कॅरोलायनाने २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्य सोडले आणि पहिला तोफगोळा सुटला तो १२ एप्रिल १८६१ रोजी. मधल्या जवळजवळ चार महिन्यांत फूट होती, युद्ध नव्हते. मावळते अध्यक्ष ब्युकॅनन यांचे मत तर असे होते की राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, पण त्यांना बळाने रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही.

फुटण्याचे कारण फुटणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाला गुलामगिरी जेथे होती तेथून ती उखडायची नव्हती. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत ती पसरू द्यायची नव्हती. तेवढ्यानेही, सुमारे ४० लाख गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या दक्षिणेला आपले राजकीय वजन कायमचे घटणार अशी धास्ती वाटली, आणि लिंकन निवडून येताच सात राज्यांनी १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत फुटण्याचे ठराव केले. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचा उल्लेख आडवळणाने नाही, थेट सुरुवातीलाच येतो. पुढे ‘राज्यांचे हक्क’ हे कारण पुष्कळ सांगितले गेले. पण साउथ कॅरोलायनाची तक्रार नेमकी उलट होती. पळालेले गुलाम परत करण्याचा केंद्राचा कायदा उत्तरेतील राज्ये जुमानत नाहीत, असा तिचा आक्षेप होता. म्हणजे राज्यांनी हक्क गाजवल्याचाच हा राग!

युद्धाचे कारण मात्र वेगळे. ४ मार्च १८६१ रोजी शपथ घेताना लिंकन यांनी दक्षिणेतील गुलामगिरीला हात लावण्याचा आपला हेतू नाही असे सांगितले, पण संघराज्य अभंग असून केंद्राची मालमत्ता आपण सोडणार नाही, हेही बजावले. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन बंदरात, अजून केंद्राच्या ताब्यात असलेल्या सम्टर किल्ल्यातील शिधा संपत आला होता. तेथे केवळ अन्नसामग्री पाठवत असल्याचे लिंकन यांनी त्या राज्याच्या गव्हर्नरला आगाऊ कळवले, त्यामुळे पहिला वार करायचा की किल्ला शत्रूच्या हाती राहू द्यायचा, ही निवड फुटलेल्या राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या सरकारवर येऊन पडली. त्यांनी वार केला. सुमारे ३४ तासांच्या माऱ्यानंतर किल्ल्यातील केंद्रीय फौजेचे प्रमुख मेजर अँडरसन यांनी किल्ला सोडण्याचे मान्य केले आणि १५ एप्रिलला लिंकन यांनी ७५,००० सैनिकांची मागणी केली.

येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. फुटण्याचा ठराव ४ एप्रिलला फेटाळणाऱ्या व्हर्जिनियाच्या परिषदेने १७ एप्रिलला तोच मंजूर केला. आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी मागोमाग गेली. पहिल्या सात राज्यांच्या बाबतीत फुटीतून युद्ध आले, या चारांना युद्धाच्या हाकेने फोडले. उलट, डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही गुलामगिरी असलेली चार राज्ये संघराज्यातच राहिली, म्हणूनच १८६१ च्या जुलैत केंद्रीय काँग्रेसने, म्हणजे संसदेने, हे युद्ध गुलामगिरी मोडण्यासाठी नाही असा ठराव केला, आणि १ जानेवारी १८६३ च्या लिंकन यांच्या गुलाममुक्तीच्या घोषणेतूनही ही चार राज्ये वगळली गेली.