पार्श्वभूमी : जनावराची किंमत आणि ‘आगळीक’ नावाचा गुन्हा

बडोद्याच्या कोर्टात सध्या जनावरांच्या प्रकरणांत दोन कायदे एकाच वेळी चालतात. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. त्याआधीच्या घटनेला जुन्या दंड संहितेतली ४२८ किंवा ४२९ ही कलमं लागतात. बोलताना सगळे अजून ‘चारशे एकोणतीस’च म्हणतात.

या दोन जुन्या कलमांतला फरक पैशाचा होता. दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं जनावर ठार मारलं, त्याला विष घातलं, विकलांग केलं किंवा निरुपयोगी केलं, तर ४२८ आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, वळू, गाय किंवा बैल असेल तर किंमत काहीही असो, ४२९ आणि पाच वर्षांपर्यंत कैद. यादीबाहेरचं जनावर पन्नास रुपयांचं किंवा त्याहून महाग असेल तरच त्याला ही पाच वर्षं लागू. यादी नीट वाचली की खटकतं. खेचर आहे, गाढव नाही. शेळी-मेंढी नाही. गाढवावर विटा आणि वाळू वाहणाऱ्या घराचं गाढव मेलं तर त्या घरातली चूल विझते, पण १८६० साली यादी करणाऱ्यांना ते दिसलं नाही. त्या वेळी पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. दीडशे वर्षांत तिचा अर्थ उरला नाही, आकडा मात्र छापील राहिला.

या सगळ्याचा पाया आहे तो ‘आगळीक’ हा शब्द, आणि बडोद्यात त्याचा गुंता जरा जास्तच आहे. मराठी कायद्याच्या भाषेत जुन्या संहितेचं कलम ४२५, म्हणजे मालमत्तेची नासधूस करून कोणाचं नुकसान करणं, म्हणजे आगळीक. एरवी आपण हा शब्द कुठे वापरतो? थोरामोठ्यांना उलट उत्तर देणाऱ्या पोराने आगळीक केली असं म्हणतो, किंवा सीमेवर शेजारी देशाने आगळीक केल्याचं वाचतो. बैलाच्या पायाची शीर तोडली तर तिला आगळीक म्हणायला जीभ वळत नाही. गुजराती कायद्यात याच गुन्ह्याला ‘बगाड’ म्हणतात. मराठी माणसाला बगाड म्हटलं की जत्रेतलं बगाड आठवतं, पण गुजरातीत त्याचा अर्थ सरळ नासधूस. हिंदीत ‘रिष्टि’, जो शब्द कोर्टाबाहेर कोणाच्या तोंडी नाही. संस्थानी काळात इथे कायद्यांना ‘निबंध’ म्हणत, कारभार गुजराती आणि मराठी दोन्हींत चाले, आणि १९३१ साली कायद्याच्या शब्दांचा बहुभाषी कोशही इथूनच निघाला. इतकी शब्दांची काळजी घेतलेल्या शहरात हा गुन्हा आज तीन वेगवेगळ्या अर्थछटांच्या शब्दांनी ओळखला जातो. माझ्या मते तिघांत गुजराती शब्दच खरं बोलतो, कारण कायद्याने पाहिलं ते मालाचं बिघडणंच.

आगळीक सिद्ध व्हायला लोकांचं किंवा कोणा व्यक्तीचं गैर नुकसान करण्याचा उद्देश हवा, किंवा तसं होण्याचा संभव आहे याची जाणीव हवी. जनावराच्या वेदनेचा तिथे उल्लेख नाही. विकलांग करणं म्हणजे अवयव कायमचा निकामी होणं. चाबकाने पाठ सोलून निघाली आणि महिन्याभरात भरून आली, तर ते या कलमात बसवणं अवघड. तडजोडीचा हक्कही मालकाचा, म्हणजे त्याने भरपाई घेऊन मिटवलं की मिटलं. आणि मालकानेच आपल्या जनावराचे हाल केले, दुसऱ्या कोणाचं काही गेलं नाही, तर आगळीक नाहीच. बडोद्यात हत्तींच्या साठमाऱ्या, म्हणजे हत्तीला डिवचण्याचे खेळ, होत त्या काळापासून हा प्रश्न वेगळाच ठेवलेला आहे. त्यासाठी १८९० चा आणि मग १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. १९६० च्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये होता आणि अजूनही तेवढाच आहे. २०२२ साली तो वाढवण्याचा मसुदा जाहीर झाला, पुढे काही झालं नाही. याची मला मनापासून चीड येते.

खुद्द बडोद्यात दंड संहिता संस्थानाच्या विलीनीकरणानंतर, म्हणजे मे १९४९ पासून थेट आली. शेतात शिरलेल्या गुराला कुऱ्हाड मारण्याचे प्रकार तेव्हाही होते, आजही होतात. त्यावर १८७१ च्या कायद्यातला मार्ग एकच, गुरं धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायची. शहरातल्या मोकाट गुरांसाठी राज्याने २०२२ साली वेगळं विधेयक मंजूर केलं आणि पशुपालकांच्या विरोधानंतर त्याच वर्षी सप्टेंबरात मागे घेतलं. गोवंशहत्येचा कायदा ही आणखी निराळी वाट. १९५४ चा मुंबई राज्याचा कायदा, १९९४ ची गुजरातची दुरुस्ती, तिला २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिलेली मान्यता, आणि २०१७ पासून किमान दहा वर्षं ते जन्मठेप. तिथे बहुतेकदा मालकच आरोपी असतो. एकाच गाईला कोणी वैरापोटी विष घातलं तर पाच वर्षांपर्यंत आणि कत्तल केली तर जन्मठेपेपर्यंत, हे अंतर या दोन वाटांमुळे पडलं.

आमच्या वाडीतल्या गल्लीत चार वर्षांपूर्वी एका कुत्रीला कोणीतरी भाकरीतून विष घातलं. शेजारच्या काकू तिला रोज दूध-पोळी घालत. तक्रार लिहून घेणाऱ्याने वाईट हेतूने नव्हे, रकाना भरायचा म्हणून विचारलं, “मालिक कोण? किंमत केटली लखुं?” काकू गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “मालक मीच लिहा. पाचशे लिहा.” कुत्री ओसरीवर गोणपाटाखाली होती, तोंडाचा फेस अजून सुकला नव्हता.

कलम ३२५ ने हा किमतीचा रकाना काढला. दहा नाहीत, पन्नास नाहीत, यादीही नाही. कोणतंही जनावर, आणि पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव, ही व्याख्याही कायम आहे, म्हणजे गाढव आलं, कोंबडी आली, तळ्यातला मासाही आला. बरेच जण म्हणतात की आता भटक्या कुत्र्यांनाही पूर्ण संरक्षण मिळालं. मला तसं ठामपणे म्हणता येत नाही. आकडे गेले, पण गुन्हा अजून ‘आगळीक करून मारणे’ हाच आहे, आणि कलम ३२४ मधली आगळिकेची व्याख्या नुकसान कोणाचं झालं हे विचारतेच. बिनमालकाच्या जनावराची सगळी भिस्त त्या व्याख्येतल्या ‘लोकांचं’ या एका शब्दावर आहे. गल्लीने पोसलेलं जनावर हे गल्लीचं म्हणायचं की नाही, हे आता एकेका खटल्यात ठरेल. काकूंची तक्रार जुन्या कलमाखालची आहे. तिच्यात किंमत पाचशे आणि मालक म्हणून काकूंचंच नाव आहे.