मुत्सद्दी बचावाचे साम्राज्य

टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी, म्हणजे पाळीपाळीने (टर्नने) खेळायच्या डावपेचांच्या खेळांत दुसऱ्याचा मुलूख जिंकत जाण्याऐवजी आपल्या सीमा राखायच्या आणि तह, मैत्री, व्यापार व मतदान यांच्या जोरावर विजय गाठायचा, अशी खेळण्याची एक रीत. ‘सिव्हिलायझेशन’ मालिका, ‘मास्टर ऑफ ओरायन’, ‘एंडलेस लेजंड’ अशा साम्राज्य उभारण्याच्या खेळांत ती विशेष रुजली.

निव्वळ बचावाला खेळाडूंच्या बोलीत ‘टर्टलिंग’ म्हणतात. कासवासारखे कवचात शिरायचे, भिंती बांधायच्या आणि कोणी आले तर मारायचे. मुत्सद्दी बचाव म्हणजे हे नव्हे, पण या दोहोंची गल्लत वारंवार होते. टर्टलिंग करणारा नकाशाच्या आपल्या कोपऱ्याबाहेर पाहतच नाही. मुत्सद्दी खेळाडूचे लक्ष मात्र जास्त करून बाहेरच असते : कोण कोणाशी लढतो आहे, कोणाच्या तिजोरीत किती सोने आहे, कोणाची मैत्री किती टर्नमध्ये संपते. तटबंदीने त्याला फक्त वेळ मिळतो. त्या वेळात काही केले नाही, तर सर्वांत भक्कम भिंतीचाही उपयोग होत नाही.

या पद्धतीची मुळे संगणकाच्या आधीची आहेत. ॲलन कॅलहॅमर यांनी १९५४ च्या सुमारास तयार केलेला आणि १९५९ मध्ये प्रथम विक्रीस आलेला ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ तिचा पूर्वज मानता येईल. त्यात सात सत्ता असतात, फासे नसतात आणि सर्वांचे हुकूम एकाच वेळी उघडले जातात. एकूण ३४ रसद-केंद्रांपैकी १८ मिळवणारा जिंकतो. यातूनच ‘स्टेलमेट लाइन’ ही कल्पना पुढे आली. काही ठरावीक प्रांतांवर सैन्य उभे करून एकमेकांना आधार दिला, तर समोरच्याने कितीही जोर लावला तरी ती फळी फुटत नाही. अशा फळीमागे १७ केंद्रे असतील तर शत्रूला जास्तीत जास्त १७ मिळतात आणि त्याचा विजय अडतो. अशी फळी बहुधा दोन-तीन सत्तांना मिळून धरावी लागते. म्हणजे बचावाची ती रेघ मुळात एका तहावर उभी असते. पुढच्या सगळ्या संगणकीय खेळांत हेच सूत्र वेगवेगळ्या रूपांत भेटते.

संगणकावर आरंभीची मांडणी मात्र विजिगीषू होती. ॲलन एम्रिच यांनी १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’चा परिचय करून देताना या प्रकाराला ‘४एक्स’ हे नाव दिले : शोधा, पसरा, उपसा आणि संहार करा (या चारही क्रियांच्या इंग्रजी शब्दांत ‘एक्स’ येतो). तरीही त्याच खेळात आकाशगंगेची एक परिषद होती आणि तिच्यात दोन-तृतीयांश मते मिळवणारा एकही तोफ न डागता जिंकू शकत असे. मते लोकसंख्येवर ठरत, त्यामुळे सुखाने वाढलेल्या वसाहतींना तिथे शस्त्राइतकीच किंमत होती. निकाल धुडकावण्याची मुभाही होती, पण मग उरलेल्या सर्वांशी शेवटचे युद्ध अटळ असे. ‘अल्फा सेंटॉरी’ (१९९९) मध्ये प्रवीण लाल या पात्राच्या शांतिसेना गटाला ग्रह-परिषदेच्या निवडणुकीत दुप्पट मते दिली गेली. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत संयुक्त राष्ट्रांच्या मतदानातून मिळणारा विजय तिसऱ्या भागात (२००१) आला.

बचावाच्या दृष्टीने मोठा बदल ‘सिव्हिलायझेशन ५’ने (२०१०) केला. त्याआधी नकाशावरच्या एकाच घरात वाटेल तितक्या तुकड्या रचता येत आणि तो ढीग एखाद्या नगरावर कोसळला की सगळे संपत असे. पाचव्या भागात नकाशा षट्कोनी घरांचा झाला, एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नियम आला आणि नगरे स्वतः मारा करू लागली. आता दोन डोंगरांमधली एका घराएवढी खिंड अडवली, की मागे दहा तुकड्या ताटकळत उभ्या राहतात आणि पुढे एक-दोनच लढू शकतात. म्हणून नगर कुठे वसवायचे हा या पद्धतीतला पहिला संरक्षणविषयक निर्णय असतो. टेकडीवर, नदीच्या आड, डोंगराला पाठ लावून वसवलेले नगर पुढे शेकडो टर्न उपयोगी पडते. माझ्या मते इथे दाखवलेली दूरदृष्टी नंतर बांधलेल्या कोणत्याही किल्ल्यापेक्षा मोलाची आहे.

सहाव्या भागात (२०१६) नगराला मारा करण्यासाठी आधी तटबंदी बांधावी लागते. तलवारी-भाल्यांनी तट फारसा हलत नाही. त्यासाठी शत्रूला बॅटरिंग रॅम (तट फोडणारा ओंडका), सीज टॉवर (तटावर चढण्याचा मनोरा) किंवा कॅटापुल्ट (दगड फेकणारे यंत्र) आणावे लागतात. बचावाची सारी कला इथे एकवटते : पुढे आलेल्या तलवारबाजांकडे दुर्लक्ष करून नगराचा आणि धनुर्धरांचा मारा आधी त्या वेढ्याच्या यंत्रांवर केंद्रित करायचा. कॅटापुल्ट सहसा ज्या टर्नमध्ये सरकते त्याच टर्नमध्ये दगड फेकू शकत नाही, त्यामुळे ते टप्प्यात आले की पहिला वार आपला असतो. वेढा मात्र पुरा होऊ द्यायचा नाही. चहूबाजूंची वाट बंद झाली की नगराची झीज भरून निघणे थांबते. एखादी तुकडी बाहेर ठेवून एक तरी बाजू मोकळी राखली, तर तेच नगर कितीतरी जास्त काळ तग धरते.

नवख्या खेळाडूची नेहमीची चूक म्हणजे शांततेचे साम्राज्य म्हणजे सैन्य नसलेले साम्राज्य अशी समजूत. संगणकाचे राजे, म्हणजे संगणक ज्यांच्या वतीने खेळतो ते प्रतिस्पर्धी, आपल्या भिंती पाहण्याआधी आपल्या लष्करी बळाचा आकडा पाहतात, आणि तो फार खाली असेल तर कालपर्यंत गोड बोलणारा शेजारीही सीमेवर तुकड्या जमवू लागतो. त्यामुळे शिबंदी थोडी असली तरी ती काळाबरोबर अद्ययावत हवी. यासाठी अनुभवी खेळाडू सोन्याचा साठा बाळगतात. युद्धाची चाहूल लागली की जुन्या धनुर्धरांचे एका टर्नमध्ये क्रॉसबोमन (पुढच्या काळातले जास्त ताकदीचे तिरंदाज) होतात, बळाचा आकडा चढतो आणि पुष्कळदा युद्ध टळते. ‘सिव्हिलायझेशन ५’मधील ‘ट्रॅडिशन’ धोरणशाखेत ‘ऑलिगार्की’ घेतली, तर नगरातील शिबंदीचा खर्च माफ होतो आणि अशा नगराच्या माऱ्याला ५० टक्के जास्त बळ मिळते. थोडी पण मोठी नगरे बाळगण्याच्या ‘टॉल’ खेळाला ती शाखा म्हणूनच सोयीची पडते.

राजनयाची सुरुवात शेजारी ओळखण्यापासून होते. जुन्या राजनीतिशास्त्रातील मंडल-सिद्धान्त सांगतो, की लगतचा शेजारी हा स्वाभाविक शत्रू आणि त्याच्या पलीकडचा हा स्वाभाविक मित्र. या खेळांत ते जवळजवळ तंतोतंत खरे ठरते, कारण संगणकाचे राजे सीमा भिडल्या की चिडतात आणि त्याच जमिनीवर डोळा ठेवणाऱ्याचा द्वेष करतात. म्हणून पहिला दूतावास शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडे उघडावा. त्याच शास्त्रातल्या सहा गुणांपैकी ‘आसन’ म्हणजे योग्य वेळेची वाट पाहत स्वस्थ राहणे. खेळातल्या या पद्धतीचे इतके नेमके नाव दुसरे सापडणार नाही.

प्रत्येक राजाचा स्वभावही वेगळा असतो. पाचव्या भागात तो लपलेल्या अंकांत मांडलेला आहे आणि प्रत्येक डावात ते अंक थोडे बदलतात. सहाव्या भागात प्रत्येकाचा एक उघड आग्रह असतो. थिओडोर रूझवेल्टला आपल्या खंडावर शांतता राखणारे आवडतात, तर स्पार्टाची गोर्गो कधीच युद्ध न केलेल्यांना तुच्छ लेखते. ती शेजारी आली, तर कितीही भेटी पाठवल्या तरी मन वळवणे कठीण, आणि तो मुलूख आधीच तटबंद करावा हे बरे. गिल्गामेशशी मैत्री मात्र चटकन जुळते. इथे एका प्रसिद्ध दंतकथेचा उल्लेख करायला हवा. १९९१ च्या मूळ ‘सिव्हिलायझेशन’मध्ये आकड्यांच्या चुकीमुळे गांधी अणुबॉम्ब टाकू लागत, ही गोष्ट अनेक वर्षे सांगितली गेली. त्या खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० मध्ये आपल्या आत्मचरित्रात ती खरी नसल्याचे स्पष्ट केले. पाचव्या भागात मात्र गांधींचा अण्वस्त्र-कल मुद्दाम दहाच्या मापावर बारा ठेवलेला होता.

मैत्रीच्या जाहीरनाम्याचा अर्थ खेळानुसार बदलतो आणि तो माहीत नसल्यास घात होतो. पाचव्या भागात मित्र पाठीत खंजीर खुपसू शकतो. तसे केल्याने त्याची पत जाते, पण आपले नगरही जाते. सहाव्या भागात साधारण वेगाच्या डावात मैत्री ३० टर्न टिकते आणि तोवर दोघांपैकी कोणालाही युद्ध पुकारता येत नाही. त्यामुळे तिथे मैत्री हीच भिंत असते. मुदत संपण्याचा टर्न टिपून ठेवून लगेच नूतनीकरण मागायचे, एवढी शिस्त पाळली तर एखादी संपूर्ण सीमा शतकानुशतके शिबंदीविना राहू शकते. जो काही केल्या मित्र होत नाही, त्याला दुसऱ्या युद्धात गुंतवणे हा पुढचा उपाय. पाचव्या भागात सोने किंवा चैनीच्या वस्तू देऊन एका राजाला दुसऱ्यावर सोडता येते. नैतिकदृष्ट्या हे शांततेचे धोरण आहे का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. आपल्या सीमेवरची शांतता दुसऱ्याच्या सीमेवरच्या युद्धाने विकत घेतलेली असते.

छोटी नगरराज्ये, म्हणजे स्वतः विजयाच्या शर्यतीत नसलेली एकेका नगराची राज्ये, या पद्धतीचा कणा आहेत. पाचव्या भागात प्रभाव ३० झाला की मैत्री आणि ६० झाला, शिवाय इतरांपेक्षा जास्त असला, की युती होते. हा प्रभाव दर टर्नला झिजतो. अलेक्झांडरच्या ग्रीसकडे तो निम्म्या गतीने झिजतो. आपल्यावर कोणी चालून आले की युतीतली नगरराज्ये आपोआप आपल्या बाजूने युद्धात उतरतात, म्हणून शेजाऱ्याच्या वाटेवरचे नगरराज्य हे आपल्या पहिल्या तटबंदीसारखे असते. सहाव्या भागात किमान तीन दूत आणि इतर सर्वांपेक्षा जास्त दूत पाठवणारा अधिराज होतो. त्याला सोने मोजून त्या नगरराज्याचे सैन्य काही काळ आपल्या हुकमाखाली घेता येते. ज्याने सैन्यावर खर्च टाळला त्याला ऐन वेळी उभी फौज मिळते, ती अशी.

काही संस्कृती आणि गट या खेळासाठीच घडवलेले दिसतात. पाचव्या भागातील व्हेनिसला वसाहतकार पाठवताच येत नाहीत. त्याबदल्यात दुप्पट व्यापारी मार्ग आणि नगरराज्ये विकत घेणारा व्यापारी मिळतो. सहाव्या भागातील कॅनडावर (२०१९) अचानक युद्ध लादता येत नाही, आणि त्यालाही ते करता येत नाही. शत्रूला आधी जाहीर निषेध करून पाच टर्न थांबावे लागते. या पाच टर्नमध्ये तट पुरा करता येतो, तुकड्या हलवता येतात, नवा मित्र जोडता येतो. ‘एंडलेस लेजंड’मधील (२०१४) ड्रॅकन गटाचे लोक प्रभाव खर्चून समोरच्याला तह मानायला भाग पाडू शकतात, आणि रोव्हिंग क्लॅन्स हा व्यापारी गट तर युद्ध पुकारूच शकत नाही.

या पद्धतीला खरा धोका आपल्या सीमेपासून दूर तयार होतो. नकाशाच्या पलीकडे एखादा राजा एकामागून एक शेजारी गिळत जातो. खेळाडू त्याला ‘रनअवे’ म्हणतात. तो आपल्या भिंतीपर्यंत पोहोचेतो त्याचे विज्ञान, सोने आणि तोफा आपल्या कितीतरी पुढे गेलेल्या असतात, आणि मतदानात आपल्याला पाठिंबा देऊ शकणारे राजेही नामशेष झालेले असतात. म्हणून दुसऱ्या खंडावरच्या दुबळ्याला फुकट सोने देणे हा उधळेपणा नसतो. त्या सोन्याने त्याचा तट आणखी वीस टर्न टिकला, तर ते आपल्याच सीमेचे संरक्षण असते. पाचव्या भागात जिंकलेले नगर मूळ मालकाला परत करण्याची सोय आहे. या शैलीच्या खेळाडूने आक्रमक युद्ध करावे असे जवळजवळ एकमेव कारण तेच, आणि पुन्हा जिवंत झालेला राजा हे उपकार विसरत नाही.

शेवट बहुधा सभागृहात होतो. सहाव्या भागात राजनयिक विजयाला २० गुण लागतात. नगरराज्ये, युती आणि शासनपद्धती यांतून मिळणारी ‘डिप्लोमॅटिक फेव्हर’ (राजनयिक वजनाचे चलन) खर्चून जादा मते घेता येतात, आपद्ग्रस्तांना मदत पाठवूनही गुण मिळतात. पण इतरांच्या मूळ राजधान्या बळकावून बसणाऱ्याची फेव्हर घटते. आघाडीवर असलेल्याचे दोन गुण कापण्याचा ठराव आला, की सगळे राजे एकवटून त्याच्याविरुद्ध मत देतात. तो ठराव अडवता येत नसेल, तर कसलेले खेळाडू स्वतःच्याच विरोधात मत टाकतात, कारण विजयी बाजूला मत देणाऱ्याला एक गुण मिळतो आणि तोटा दोनाऐवजी एकाचाच होतो. पाचव्या भागात हीच काळजी वेगळ्या तऱ्हेने घेतली जाते. नगरराज्यांच्या युत्या आधीपासून मिरवल्या, तर प्रतिस्पर्ध्याला त्या फोडायला वेळ मिळतो. म्हणून सोने साठवत राहायचे, आणि मतदानाच्या आदल्या टर्नला एकाच दमात ते सगळ्या नगरराज्यांत वाटून टाकायचे.