घरातल्या ग्रेहाउंडमागचा इतिहास

ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत घरोघरी दिसणारे ग्रेहाउंड जातीचे बहुतेक कुत्रे पिल्लू असताना आणलेले नसतात. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर, साधारण दोन ते पाच वर्षांचे असताना ते दत्तक घेतलेले असतात. त्यांच्या कानाच्या आतल्या बाजूला गोंदलेला क्रमांक दिसतो. त्यामुळे हा कुत्रा सांभाळताना पडणाऱ्या पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे जातीच्या स्वभावापेक्षा त्याच्या पूर्वायुष्यात सापडतात.

माणसाच्या घरात राहणे ग्रेहाउंडला मुळात परके नव्हते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरियन या ग्रीक लेखकाने केल्टिक लोकांच्या वेगवान शिकारी कुत्र्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात या कुत्र्यांना मऊ, उबदार अंथरूण द्यावे आणि शक्यतो माणसाजवळच झोपवावे, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. आपण घरी असलो की होर्मे नावाचा आपला कुत्रा जवळच बसतो आणि बाहेर पडलो की सोबत येतो, असेही तो मोठ्या मायेने नोंदवतो. आजच्या कोणत्याही मार्गदर्शिकेइतकाच हा सल्ला खरा आहे.

पुढे इंग्लंडमध्ये सशामागे दोन कुत्रे सोडण्याच्या स्पर्धा रूढ झाल्या. त्यांतील सर्वांत प्रतिष्ठेचा वॉटरलू कप 1836 पासून खेळला जाई आणि कायद्याने बंदी आल्यामुळे 2005 मध्ये तो शेवटचा झाला. मात्र ग्रेहाउंडचे जगणे खऱ्या अर्थाने बदलले ते यांत्रिक सशामुळे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर कुत्र्यांपुढे पळवल्या जाणाऱ्या खोट्या सशामुळे. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी विकसित केलेले हे तंत्र 24 जुलै 1926 रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू ट्रॅकवर आले आणि थोड्याच काळात सट्ट्यावर चालणारा हा खेळ ब्रिटनभर पसरला.

या व्यवसायात कुत्रा वाढतो तो केनेलमध्ये, म्हणजे अनेक कुत्रे एकत्र ठेवण्याच्या जागी. ठरलेल्या वेळी खाणे, ठरलेल्या वेळी बाहेर सोडणे, आणि सोबतीला सतत इतर ग्रेहाउंड, असा त्याचा दिनक्रम असतो. जिना, काचेचे दार, गुळगुळीत फरशी यांतले काहीही त्याने पाहिलेले नसते. म्हणून नव्या घरी आलेला धिप्पाड कुत्रा पहिल्या पायरीशीच थबकतो आणि त्याचा एकेक पाय उचलून वर ठेवत त्याला जिना शिकवावा लागतो. तो कधीच एकटा राहिलेला नसल्याने त्याला घरात एकटे ठेवण्याची सवय काही मिनिटांपासून सुरू करून वाढवत न्यावी लागते. झोपेत कोणी अंगाला हात लावल्यास तो दचकून गुरगुरू शकतो. त्याला आधी नावाने हाक मारावी हे घरातल्या मुलांना शिकवणे अत्यावश्यक आहे. पळणाऱ्या लहान प्राण्यामागे धावणे त्याच्या रक्तातच आहे, शिवाय डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. म्हणून ओढ बसताच आवळणारा रुंद पट्टा वापरतात.

वेगासाठी झालेल्या निवडीचा ठसा शरीरावरही आहे. अंगावर चरबी अगदी कमी, त्वचा पातळ आणि रक्तातील लाल पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असते. थायरॉइडची पातळी मुळातच कमी असल्याने निरोगी कुत्र्यालाही विनाकारण औषध सुरू होण्याचा धोका असतो. थायोपेंटलसारखे भुलीचे औषध त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, हे शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यांना आवर्जून सांगावे. आपल्याकडे मुधोळ किंवा कारवानी जातीचे शिकारी कुत्रे पाळणाऱ्यांना ही सडपातळ शरीरयष्टी चांगली परिचित आहे.

निवृत्त कुत्र्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र समाजाने फार उशिरा विचारला. ब्रिटनमध्ये त्यांना घरे मिळवून देणारी संस्था 1975 मध्ये उभी राहिली. तरीही 2006 मध्ये इंग्लंडमधील सीहॅम गावी नको झालेले हजारो ग्रेहाउंड वर्षानुवर्षे मारून पुरले गेल्याचे वृत्तपत्राने उघडकीस आणले. हा प्रकार क्रूर होता आणि त्यामागे शर्यतीचे अर्थकारण होते. त्यानंतर 2010 च्या नियमांनी इंग्लंडमध्ये ट्रॅकवर पशुवैद्याची उपस्थिती आणि कुत्र्यांना मायक्रोचिप बंधनकारक केली.

फ्लोरिडातील मतदारांनी 2018 मध्ये शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि 2020 अखेर तेथील ट्रॅक थांबले. त्यानंतर अमेरिकेत दत्तक घेऊ इच्छिणारे अधिक आणि कुत्रे कमी, अशी स्थिती आली. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर 2024 मध्ये शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा सुमारे 2,900 कुत्र्यांना घरे शोधता यावीत म्हणून 20 महिन्यांची मुदत ठेवली.