इंडियन गॅलरी

जॉर्ज कॅटलिन (१७९६–१८७२) या अमेरिकन चित्रकाराने १८३० पासूनच्या दशकात, मुख्यतः मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील प्रवासांत, रंगवलेल्या चित्रांचा संग्रह. नावातील ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी. भारताशी त्याचा संबंध नाही. सुमारे ५० जमातींतील तीनशेहून अधिक व्यक्तिचित्रे आणि शिकार, नृत्ये, वस्त्या यांची सुमारे २०० चित्रे त्यात होती.

कॅटलिन शिक्षणाने वकील. चित्रकला तो स्वतःच शिकला. वॉशिंग्टनला निघालेले मूळ रहिवाशांचे शिष्टमंडळ फिलाडेल्फियात पाहून अशी चित्रे रंगवण्याची कल्पना सुचली, असे त्याने पुढे लिहिले. हा प्रसंग १८२० नंतरच्या दशकातला असावा. १८३२ मध्ये तो ‘यलोस्टोन’ या आगबोटीने मिसूरी नदीतून फोर्ट युनियन या फर-व्यापाराच्या ठाण्यापर्यंत गेला. संग्रहातील उत्तम चित्रे बहुतांशी याच सफरीतील आहेत. तैलरंग पातळ करून तो चेहरा समोर बसून बारकाईने रंगवी आणि अंग व वस्त्रे घाईने उरकून घेई. मंडन जमातीचा नायक माटो-टोपे याच्या चित्रात आकृतीचा डौल बिघडवणारे दागिने आपण गाळले, हे त्यानेच कबूल केले आहे. पुढच्याच वर्षी तेथे आलेल्या कार्ल बोडमर या स्विस चित्रकाराची जलरंगचित्रे वेशभूषेच्या तपशिलासाठी म्हणूनच अधिक भरवशाची वाटतात. कॅटलिनचे बलस्थान चेहरा. सू जमातीच्या एका योद्ध्याचे एका बाजूने दिसणारे चित्र पाहून ‘हा अर्धाच माणूस’ अशी दुसऱ्याने टर उडवली, त्यावरून भांडण पेटले आणि चित्रातला योद्धा मारला गेला. गोळीने चेहऱ्याची चित्रात न आलेली बाजूच उडवली, असे कॅटलिन सांगतो. हा शेवटचा तपशील जरा जास्तच जुळून आलेला वाटतो.

मंडनांच्या उगमाविषयीचे त्याचे मत अधिक वादग्रस्त ठरले. काहींचे घारे डोळे व फिकट केस, कातड्याने मढवलेल्या गोल होड्या आणि काही शब्दांतील साम्य यांवरून हे लोक वेल्सचा राजपुत्र मॅडॉक याच्या बरोबर बाराव्या शतकात आलेल्यांचे वंशज असावेत, असे त्याने १८४१ च्या आपल्या ग्रंथात मांडले. मॅडॉकची ती सफरच दंतकथेत मोडते. मंडन भाषा सू भाषाकुलातील आहे, तिचा वेल्श भाषेशी संबंध नाही. गोल होड्या तर जगात अनेक ठिकाणी वापरतात. त्यामुळे आज हे मत कोणी गंभीरपणे धरत नाही. त्यांच्या ओकीपा या विधीचे त्याचे वर्णन मात्र निराळ्या मोलाचे आहे. तरुणांना कातडीत खुपसलेल्या काड्यांच्या आधारे टांगले जाई, हे मूळ रहिवाशांचा अभ्यासक हेन्री स्कूलक्राफ्ट याच्यासारख्या समकालीनांना खोटे वाटले. परंतु फर कंपनीचा दुभाषा जेम्स किप याने तेव्हाच लेखी साक्ष दिली होती आणि मॅक्सिमिलियन या जर्मन राजपुत्रानेही पुढे दुजोरा दिला. अभ्यासकांचा कल आता कॅटलिनच्या बाजूने आहे. १८३७ च्या देवीच्या साथीत मंडनांपैकी जेमतेम शे-दीडशे उरले. जमात नामशेष झाली असे कॅटलिनने लिहिले, ते चूक. त्यांचे वंशज आज नॉर्थ डकोटात आहेत.

हा संग्रह १८३७ मध्ये न्यूयॉर्कला, १८४० मध्ये लंडनला आणि १८४५ मध्ये पॅरिसला मांडला गेला. पॅरिसमध्ये कवी बोदलेअरने त्यातील रंगांची तारीफ केली. अमेरिकन काँग्रेसने मात्र तो विकत घेण्याचे वारंवार टाळले. १८५२ मध्ये कॅटलिन कर्जात बुडाला आणि चित्रे फिलाडेल्फियाचा उद्योगपती जोसेफ हॅरिसन याच्याकडे गेली. त्याच्या बॉयलर कारखान्यात ती वर्षानुवर्षे पडून होती. १८७९ मध्ये हॅरिसनच्या पत्नीने ती वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला दिली. चारशेहून अधिक चित्रे आज तेथे आहेत. शीर्षकांत व्यक्तींची नावे अजूनही कॅटलिनने कानाने ऐकून लिहिली तशीच दिली जातात.