बदली झाली आणि गाडीवर कर्ज आहे? आरटीओत जाण्याआधी हे वाचा

पोस्टिंग ऑर्डर आली की आपण आधी मुलांच्या शाळेचं बघतो, मग सामानाचं, आणि सगळ्यात शेवटी गाडीचं. हा क्रम उलटा करा. शाळेचा दाखला दोन दिवसांत मिळतो, पण कर्जावरच्या गाडीच्या कागदांना महिना सहज लागतो.

निवृत्तीनंतर मी ओळखीच्या जवानांचे अर्ज भरून देतो. परत आलेल्या अर्जांत घोडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पेंड खातं, ते म्हणजे बँकेचं पत्र. त्यावर येतोच, पण आधी तुम्हाला या भानगडीत पडायची गरज आहे का ते बघा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. केंद्रशासित प्रदेशही यात आले. सहा-आठ महिन्यांच्या कोर्सला जाणाऱ्यांनी आहे तो नंबर राहू द्यावा. देवळालीहून पुण्याला, म्हणजे राज्यातल्या राज्यात बदली असेल तर नंबर बदलत नाही. फक्त नवा पत्ता ३० दिवसांत कळवायचा.

या १२ महिन्यांचा अर्थ लोक दोन प्रकारे चुकीचा लावतात. एक, हे महिने आरटीओच्या एनओसीच्या (ना-हरकत प्रमाणपत्राच्या) तारखेपासून नाही, तर गाडी त्या राज्यात आल्यापासून मोजतात. म्हणून मूव्हमेंट ऑर्डर, फास्टॅगचा हिशेब किंवा गाडी ट्रकवर टाकून नेली असेल तर बिल्टी जपून ठेवा. दोन, ही वर्षभराची करमाफी नव्हे. रस्ता कर हा राज्यांचा विषय आहे आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. तिथला इन्स्पेक्टर पहिल्या तिमाहीतच कर विचारू शकतो.

आता बँकेचं पत्र. शाखेत जाऊन ‘गाडीची एनओसी पाहिजे’ एवढंच म्हटलं की समोरचा माणूस कर्ज फिटल्यावरची एनओसी समजतो. मग तो एक तर ‘अजून अठ्ठावीस हप्ते बाकी आहेत, एनओसी कशी देणार?’ म्हणून परत पाठवतो, नाहीतर फॉर्म ३५ चं काहीतरी सांगतो. फॉर्म ३५ बोजा, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवण्यासाठी असतो. तुम्हाला बोजा उतरवायचा नाहीये, बोजासकट गाडी न्यायची आहे. त्यामुळे अर्जात स्पष्ट लिहा: ‘कर्ज चालू असताना हे वाहन अमुक राज्यात नेण्यास व तिथे नव्याने नोंदवण्यास हरकत नसल्याचे पत्र मिळावे. बँकेचा बोजा नव्या आरसीवर कायम राहील.’ पत्रात कर्जखात्याचा नंबर, गाडीचा नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर आणि ज्या आरटीओकडे जायचं त्याचं नाव हवं. आरसीवरचा चेसिस नंबर आणि पत्रातला नंबर एकेक अक्षर बोट ठेवून ताडून बघा. शून्य आणि ‘ओ’ यांच्या घोळात आठवडा गेलेला मी पाहिलाय. शिवाय फॉर्म २८ वरही, म्हणजे आरटीओच्या एनओसीच्या अर्जावरही, बँकेची सही आणि शिक्का लागतो. तो त्याच फेरीत घ्या, नाहीतर पुन्हा रजा टाकावी लागेल.

बँक नुसतीच टोलवत असेल तर? इथे कायदा तुमच्या बाजूने आहे आणि हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. कलम ५१ मध्ये लिहिलंय की अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत बँकेने एनओसी द्यायची किंवा नकाराचं कारण लेखी कळवायचं. दोन्ही केलं नाही तर एनओसी दिली असंच धरलं जातं आणि नव्या नंबरच्या अर्जाबरोबर ‘सात दिवसांत उत्तर आलं नाही’ असं स्वतःचं घोषणापत्र जोडता येतं. पण त्यासाठी अर्ज लेखी हवा आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच हवी. तोंडी विनंतीला पोच नसते. हप्ता थकला असेल तर मात्र बँक कारण लिहून नकार देईल, तेव्हा आधी तो भरा.

आरटीओची एनओसी परिवहन पोर्टलवरून फॉर्म २८ भरून मिळते. आरसी, चालू विमा, पीयूसी आणि चेसिस प्रिंट लागते, सगळी ई-चलनं भरलेली असावी लागतात. गाडी चोरीच्या प्रकरणात नाही ना, याचा पोलिसांकडून अहवाल घेतला जातो. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना तेवढं आधीच बघा, ओटीपी त्यावरच येतो आणि बंद पडलेल्या जुन्या सिमपायी लोक हेलपाटे घालतात. या एनओसीलाही ३० दिवसांची मुदत आहे, तोवर नकार कळवला नाही तर ती दिली असं मानतात.

नव्या ठिकाणी गेल्यावर नव्या नंबरसाठी फॉर्म २७ भरायचा आणि तिथे पत्त्याचा पुरावा मागतात. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याच्या नावावर विजेचं बिल नसतं, भाडेकरारही नसतो. काही जण ‘द्वारा ५६ एपीओ’ लिहिलेलं पत्र पुढे करतात. ९ ने सुरू होणारा तो पिनकोड फौजी टपालाचा, त्यावरून गाडी कुठे उभी राहते ते आरटीओला कळत नाही, आणि इथे त्यांची अडचण खरी आहे. क्वार्टरचं अलॉटमेंट लेटर आणि स्टेशनचा नागरी पत्ता असलेलं, सीओंच्या (कमांडिंग ऑफिसरच्या) सहीचं प्रमाणपत्र घेऊन जा. मूळ पोस्टिंग ऑर्डरची झेरॉक्स एजंटच्या हातात मात्र कधीही देऊ नका, त्यात युनिटच्या हालचाली असतात.

अंदमानला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. गाडी चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून जहाजाने जाते. देश तोच असला तरी आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत वाहतुकीच्या नुकसानीसाठी रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट आणि विमान लिहिलेलं असतं. समुद्राचं नाव त्यात नाही! एवढ्या प्रवासासाठी वेगळा मरीन विमा काढा. बुडाली-आपटली तरी गाडीचे हप्ते थांबत नाहीत.

नवा नंबर घेताना तिथला कर भरावा लागतो आणि महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या करातला उरलेला भाग मागता येतो. तो आपोआप येत नाही. नवी आरसी हातात आल्यावर जुन्या आरटीओकडे अर्ज करायचा. ‘पुढच्या रजेत बघू’ म्हणणाऱ्यांची पुढची बदली येते आणि पैसे तिथेच राहतात.

दर दोन-तीन वर्षांनी हे करायचं नसेल तर बीएच (भारत) मालिकेचा, राज्य बदललं तरी न बदलणारा नंबर घ्या. सप्टेंबर २०२१ पासून तो मिळतो, सैन्यदलातले लोक त्याला पात्र आहेत आणि डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर जुनी गाडीही त्यात बदलून घेता येते. कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांच्या हिश्श्याने भरायचा. जीएसटी वगळून १० लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० आणि त्यापुढे १२ या दराने तो काढतात. डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी. तरुण जवान नवी गाडी घेत असेल तर मी हाच सल्ला देतो. कर्ज चालू असेल तर बीएचमध्ये बदलतानाही बँकेला विचारावंच लागतं, म्हणजे ते पत्र काही चुकत नाही.

नवी आरसी आली की तिच्यावर बँकेचं नाव छापलंय ना ते लगेच बघा. नसेल तर खूश होऊ नका, लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण कर्जाच्या करारात बोजा कायम ठेवण्याची जबाबदारी तुमची असते. मग त्या आरसीची एक प्रत बँकेला, एक विमा कंपनीला आणि एक फास्टॅग देणाऱ्याला. अपघाताच्या दिवशी पॉलिसीवर जुना नंबर निघाला, तर ते पत्र पुन्हा शोधायला लागेल.