संवादसाधने वापरणारे सहसंशोधक

वाणीने बोलू न शकणाऱ्या किंवा ज्यांचे बोलणे इतरांना सहज समजत नाही अशा, आणि म्हणून अक्षरफलक, चित्रफलक, डोळ्यांच्या हालचालींनी चालणारा संगणक किंवा कृत्रिम आवाजाचे यंत्र यांच्या साहाय्याने बोलणाऱ्या व्यक्तींना संशोधनात बरोबरीने सामील करून घेण्याची पद्धत. प्रश्न ठरवणे, मुलाखती घेणे, उत्तरांचा अर्थ लावणे व निष्कर्ष मांडणे या सर्व टप्प्यांवर त्यांचा निर्णयाधिकार येथे अभिप्रेत आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे बालपणापासून हालचालींवर ताबा नसणे), स्वमग्नता, पक्षाघातानंतरचा वाचाघात (भाषा वापरण्याची क्षमता हरपणे), चेतापेशींचा ऱ्हास अशा अनेक कारणांनी ही साधने वापरली जातात. या अभ्यासक्षेत्राला ‘पूरक व पर्यायी संवाद’ म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली व १९८५ पासून तिचे नियतकालिक निघू लागले.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तिचे मूळ मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या १९४६ मधील कृतिसंशोधनविषयक (प्रत्यक्ष कृती करून तिच्या परिणामांतून शिकण्याच्या पद्धतीविषयीच्या) लेखात शोधतात. मात्र लेविन यांच्या मांडणीत संशोधनाची सूत्रे तज्ज्ञाकडेच राहतात. १९७० नंतरच्या दशकात टांझानियात मार्या-लिसा स्वांट्स व बड हॉल यांनी आणि कोलंबियात ओरलांदो फाल्स बोर्दा यांनी ग्रामीण व श्रमिक लोकांबरोबर केलेले सहभागी संशोधन हे अधिक जवळचे पूर्वरूप दिसते. अपंगत्वाच्या क्षेत्रात निर्णायक वळण दिले ते ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल ऑलिव्हर यांच्या १९९२ मधील लेखाने. संशोधक व संशोधित यांच्यातील सत्तासंबंध बदलल्याखेरीज अपंगांचे भले होणार नाही, असे सांगून त्यांनी ‘मुक्तिदायी संशोधना’ची कल्पना मांडली. ‘आमच्याविना आमच्याविषयी काही नको’ ही घोषणा अपंग हक्क चळवळीतील अमेरिकन लेखक जेम्स चार्लटन यांनी १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कार्यकर्त्यांकडून ऐकली. त्या कार्यकर्त्यांनी ती पूर्व युरोपातील एकाकडून ऐकलेली होती. तिचा संबंध राजाला संसदेच्या संमतीविना नवा कायदा करण्यास मनाई करणाऱ्या, पोलंडमधील १५०५ च्या कायद्याशी जोडला जातो, पण ते साम्य बहुधा शब्दांपुरतेच असावे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ मधील अपंग हक्क करारात पूरक व पर्यायी संवादाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अपंगांविषयीचे निर्णय घेताना त्यांच्याशी सल्लामसलत करणे करार स्वीकारलेल्या राष्ट्रांवर बंधनकारक आहे.

प्रत्यक्ष कामात पहिली अडचण वेळेची असते. वाणीने बोलणारा माणूस मिनिटाला साधारणपणे दीडशे शब्द बोलतो; साधनाने बोलणाऱ्याचा वेग बहुधा पंधराहून कमी भरतो. एकाने तासाभरात मांडलेले म्हणणे मांडायला दुसऱ्याला दहा तासांहून अधिक लागतील. नेहमीच्या बैठकीत त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. म्हणून प्रश्न काही दिवस आधी पाठवणे, उत्तरे सवडीने लिहून घेणे, बैठकीत ती यंत्राच्या आवाजात ऐकवणे आणि ज्याच्या त्याच्या वेगाने चालणारी ईमेलवरील गटचर्चा घेणे हे मार्ग रुळले आहेत. या वाढीव वेळेचे व साहाय्यकाच्या मानधनाचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्यापासून न धरल्यास सहभाग कागदावरच राहतो.

त्याहून खोल अडचण शब्दांची आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्याला फलकावर जेवढी चिन्हे आहेत तेवढेच बोलता येते, आणि ती चिन्हे बहुतेक वेळा पालक, शिक्षक किंवा वाचोपचारतज्ज्ञ यांनी निवडलेली असतात. भूक, पाणी, शाळा असतात. ‘मला हे पटत नाही’ किंवा ‘प्रश्नच चुकीचा आहे’ यांची चिन्हे नसतात. संशोधनाचे शब्द फलकावर आधी भरावे लागतात. पण ते भरणाराच उत्तरांना दिशा देऊन बसण्याचा धोका असतो, म्हणून ही निवड सहसंशोधकाबरोबर बसून करणे हा संशोधनाचाच पहिला टप्पा मानावा.

वाक्य कोणाचे, हा तिसरा प्रश्न. समोरचा माणूस पुष्कळदा अर्ध्या शब्दावरून पुढचे ओळखतो व बोलून दाखवतो. काहींना ही मदत हवी असते, काहींना ती अपमानास्पद वाटते. त्यामुळे नोंदीत साधनाचे शब्द व साहाय्यकाचे अनुमान वेगळे दाखवावे लागतात. ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ या पद्धतीत साहाय्यक हात किंवा बाहू धरून अक्षरे दाखवण्यास मदत करतो. नियंत्रित चाचण्यांत असे शब्द साहाय्यकाचेच निघाल्याने १९९४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने व २०१४ मध्ये पूरक व पर्यायी संवादाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिच्याविरुद्ध भूमिका घेतली. अशा शब्दांवर सहसंशोधकाचे मत म्हणून विसंबता येत नाही.

संशोधनात भाग घेण्याची संमती केवळ होकार-नकारावर घेणे अपुरे ठरते, कारण मान डोलावून मोकळे होण्याची सवय अनेकांना लागलेली असते. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात विकसित झालेल्या ‘टॉकिंग मॅट्स’ या पद्धतीत चित्रे पसंती, नापसंती व मधली स्थिती अशा श्रेणीत मांडली जातात. मांडणी पुढे कधीही बदलता येत असल्याने मत बदलण्याची मोकळीकही मिळते.

लेखनात सहलेखक म्हणून नाव, कामाचे वेतन आणि परिषदेत यंत्राच्या आवाजात निबंध वाचण्यासाठी जादा वेळ या मागण्या वापरकर्त्यांनी सातत्याने केल्या आहेत. आजवरचे सहसंशोधक मुख्यतः वाचता-लिहिता येणारे प्रौढ आहेत. केवळ चित्रचिन्हांवर अवलंबून असणारे त्यांत थोडे आहेत.