मंजनीक: ओढीची आणि वजनाची

सिंधमधल्या देबलच्या वेढ्यातली ‘अरूस’ आणि 1291 साली भूमध्य किनाऱ्यावरच्या अक्का शहरापुढे उभी राहिलेली ‘मन्सुरी’, दोघींनाही तवारिखांत, म्हणजे जुन्या इतिहासग्रंथांत, शब्द एकच: मंजनीक, वेढ्यात दगड फेकायचं यंत्र. चित्रकार आणि गेम बनवणारेही दोन्ही ठिकाणी तेच यंत्र काढतात. उंच चौकट, लांब तुळई आणि आखूड टोकाला दगडमातीची पेटी. अरूसला ती पेटी नव्हतीच. नवव्या शतकातला अरबी इतिहासकार बलाजुरी सांगतो की आठव्या शतकाच्या सुरुवातीला मुहम्मद बिन कासिमने आणलेली ही मंजनीक चालवायला पाचशे माणसं लागत. पाचशे माणसांची ओढ हीच तिची ताकद होती.

गोंधळ होतो, कारण सांगाडा सारखा असतो. पाखरं हाकायची गोफण एका लांब तुळईच्या शेंड्याला बांधा आणि ती तुळई आसावर अशी बसवा की गोफणीची बाजू लांब, दुसरी आखूड राहील. आखूड टोक झटक्यात खाली गेलं की लांब टोक वर उसळतं, गोफण त्याच्याही पुढे भिरभिरते आणि दगड सुटतो. इथवर दोन्ही एकच. फरक आखूड टोक कोण खाली खेचतं याचा: माणसं की वजन. (रोमन लोकांचं पिळलेल्या दोरांच्या ताणावर चालणारं यंत्र हे तिसरंच प्रकरण. त्यात आसावर झुलणारी तुळई नसते.)

ओढीच्या मंजनिकीत आखूड टोकाला दोऱ्यांचा झुबका असतो. चीनमध्ये 1044 साली पूर्ण झालेल्या सोंगकालीन युद्धग्रंथात आकडेच दिले आहेत. सर्वांत थोराड प्रकाराला 125 दोर आणि ओढायला 250 माणसं. दगड 90 ते 100 जिन, म्हणजे साधारण 55-60 किलोचा, आणि पल्ला 50 पावलं. चिनी पाऊल दोन ढांगांचं असल्यामुळे हे अंतर अंदाजे 75 मीटर भरतं. चाळीस दोरांच्या हलक्या यंत्राचा दगड जेमतेम दोन किलोचा, पण पल्ला जवळपास तेवढाच. म्हणजे माणसं वाढवून दगड जड करता येत होता, अंतर फारसं वाढत नव्हतं. कारण सरळ आहे. तुळईखाली जागा मोजकी असते, कडेची माणसं तिरपी ओढतात आणि त्यांचा बराच जोर फुकट जातो.

यात सगळ्यात अवघड काम गोफण धरणाऱ्याचं. ओढणाऱ्यांनी जोर लावला तरी तो क्षणभर दगडाला लोंबकळून राहतो. तुळई थोडी वाकते, दोर ताणले जातात, मग तो हात सोडतो. आधी सोडला तर दगड समोरच पडतो, उशीर केला तर तोच उचलला जातो. ओढ एकसाथ नसेल तर प्रत्येक दगड वेगळीकडे जातो, आणि माणसं थकतील तसा पल्ला घटत जातो. उपाय एकच, पाळ्या लावणं. 1147 मध्ये लिस्बनच्या वेढ्यात शंभर-शंभरांच्या पाळ्या लावून दोन यंत्रांनी दहा तासांत पाच हजार दगड टाकल्याची नोंद आहे. म्हणजे एका यंत्राचा दर पंधरा सेकंदांच्या आत एक दगड. तटबंदी त्याने सहसा फुटत नाही, पण तटावर कोणी उभं राहू शकत नाही, आणि कित्येकदा तेवढंच हवं असतं.

वजनाची मंजनीक बाराव्या शतकात भूमध्य समुद्राभोवती पुढे आली. कोकणातल्या विहिरीवरच्या लाटेसारखंच (एका टोकाला वजन बांधलेली पाणी उपसायची तुळई) तत्त्व, फक्त इथे पेटीत कित्येक टन माती, दगड किंवा शिसं. 1304 मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या वेढ्यासाठी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने आसपासच्या चर्चच्या छपरांवरचं शिसं काढून आणवलं होतं. लांब बाजू आखुडाच्या चार-पाच पट, आणि पेटीचं वजन दगडाच्या शंभर पटीच्या आसपास. डेन्मार्कमध्ये 1989 साली उभारलेल्या प्रतिकृतीने दोन टन वजनावर 15 किलोचा गोळा 168 मीटर फेकला.

चालवायची पद्धत अशी. जमीन समतल करून चौकट पक्की बसवायची. आडव्या रहाटाने लांब टोक खाली आणून खिट्टीत अडकवायचं, आणि रहाटाचा दोर न विसरता सोडायचा. तुळईखालच्या लाकडी पन्हळीत गोफण पसरून दगड ठेवायचा. गोफणीचा एक दोर पक्का बांधलेला, दुसऱ्याच्या टोकाची कडी शेंड्याच्या लोखंडी आकड्यावर नुसती अडकवलेली. खिट्टी उडाली की पेटी कोसळते आणि ठरावीक कोनाला कडी निसटते.

सगळं कसब त्या आकड्यात आहे. तो सरळ केला की कडी लवकर सुटते आणि दगड उंच जातो. जास्त वाकवला तर उशिरा सुटते आणि मारा सपाट होतो. आणखी वाकवला तर दगड यंत्रापुढेच जमिनीत रुततो. कडी गंजून अडकली तर दगड गिरकी घेऊन स्वतःच्याच चौकटीवर आदळतो. दगड फार हलका असेल तर उरलेला जोर तुळई झेलते आणि आसाच्या भोकापाशी तडकते. म्हणून दगड ठरल्या वजनाचेच घडवावे लागत, त्यासाठी पाथरवट सोबत असत. पावसाने गोफण भिजली किंवा पेटीतली माती जड झाली तर जमलेला नेम पुन्हा बसवावा लागे. तासाला दोन-चारच दगड, पण ते त्याच जागी पडत. भिंत फुटते ती त्यामुळे.

तवारीख वाचताना मी एकच खूण पाहतो: लिहिणारा काय मोजतोय? माणसं मोजत असेल तर बहुधा ओढीची. गाड्या मोजत असेल तर वजनाची. सीरियातला इतिहासकार अबुल फिदा स्वतः मन्सुरीच्या वाहतुकीत होता. तिचे सुटे भाग शंभर गाड्यांवर होते, एक गाडी त्याच्याकडे. पावसा-बर्फात बैल मेले आणि घोड्यावरून आठ दिवसांच्या वाटेला महिना लागला. ही खूण दरवेळी चालत नाही, कारण वजन आणि ओढ दोन्ही वापरणारी मिश्र यंत्रंही होती. दिल्ली सल्तनतीच्या इतिहासांत अशा दगडफेकी यंत्रासाठी ‘मगरिबी’ हा शब्द येतो. 1301 मध्ये रणथंभोरच्या किल्ल्यातून आलेल्या मगरिबीच्या दगडाने अलाउद्दीन खिलजीचा सरदार नुसरत खान मेला. म्हणजे तटाच्या आतही हे यंत्र होतं.

सह्याद्रीतल्या गडाच्या पायथ्याशी मंजनीक दाखवणारी चित्रं मात्र हिशेबात बसत नाहीत. सपाटीवर 300 मीटर फेकणारं यंत्र दगड सरळ वर उडवूनही 150 मीटरपलीकडे नेऊ शकत नाही. राजगड किंवा तोरण्याचा माथा पायथ्यापासून अर्ध्या किलोमीटरहून उंच आहे.